तबकडी बदलली की घड्याळ बदलते

हे लिहीत असताना माझ्या टेबलावर दोन मनगटी घड्याळे आहेत. दोन्ही एचएमटीची, दोन्ही चावीची. एकाचे नाव ‘जनता’, दुसऱ्याचे ‘पायलट’. पहिल्याची तबकडी पांढरी, त्यावर बारीक काटे; बघितल्याबरोबर शाळेच्या हजेरीपटाची किंवा टपाल कचेरीतल्या खिडकीची आठवण व्हावी असा त्याचा चेहरा. दुसऱ्याची तबकडी काळी, त्यावर ठळक पांढरे आकडे. ते हातावर चढवले की माणूस उगीचच थोडा ताठ उभा राहतो. पाठीमागचे झाकण उघडून डोळ्याला भिंग लावले, तर मात्र दोघांच्या पोटात एकाच घराण्याचे यंत्र सापडते: सतरा खड्यांचे, तासाला अठरा हजार ठोके देणारे, म्हणजे सेकंदाला पाच. एकातले यंत्र काढून दुसऱ्यात बसवले तरी बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही.

मग या दोन घड्याळांत फरक कोणता? जो आहे तो जवळजवळ सगळा एका पातळ चकतीवर आहे. या चकतीकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहता येईल, हे आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार आहे. विषय छंदाचा वाटेल. पण या छंदात माझ्या हातून एक चूक घडली आणि घरातला एक छोटा दस्तऐवज कायमचा नाहीसा झाला. तिथपर्यंत मी शेवटी येईनच. त्याआधी तबकडी म्हणजे काय, ते पाहू.

जुन्या मनगटी घड्याळाची तबकडी ही बहुधा पितळेची चकती असते, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिच्या पाठीला दोन बारीक खुंट्या डाखलेल्या असतात. त्या यंत्राच्या छिद्रांत बसतात आणि तबकडी जागेवर राहते. चकतीच्या पुढच्या बाजूवर आधी ब्रशाने किंवा पॉलिशने पोत आणतात. केंद्रापासून कडेकडे ब्रश फिरवला, तर उन्हाच्या किरणांसारखी झाक येते आणि मनगट हलले की ती झाक फिरते. मग चांदीचा, सोन्याचा किंवा दुसऱ्या धातूचा मुलामा, नाहीतर रंग. त्यावर लाखेसारख्या पारदर्शक द्रवाचा थर. शेवटी छपाई. कोरलेल्या धातूच्या पट्टीवरची शाई एका मऊ गादीने उचलायची आणि तबकडीवर टेकवायची. मिनिटांच्या रेघा, आकडे, नाममुद्रा आणि अगदी तळाशी डोळ्याला जेमतेम दिसणारा देशाचा उल्लेख, हे सारे असे उमटते. काही घड्याळांत तासांच्या खुणा छापीव नसतात. त्या धातूच्या वेगळ्या कांड्या असतात आणि एकेक करून बसवलेल्या असतात.

स्वित्झर्लंडमध्ये हा धंदा फार पूर्वीपासून स्वतंत्र होता. यंत्र एकाचे, डबी दुसऱ्याची, तबकडी तिसऱ्याची, आणि नाव चौथ्याचे. तबकडी करणारा हा नुसता पुरवठादार, अशी कुणाची समजूत असेल तर १९३२ साल आठवावे. जिनिव्हातली पाटेक फिलिप ही नामांकित पेढी त्या साली अडचणीत आली, तेव्हा ती विकत घेतली स्टर्न बंधूंनी, आणि त्यांचा व्यवसाय तबकड्या बनवण्याचा होता. आजही ती पेढी त्याच घराण्याकडे आहे.

आता एक सोपा प्रयोग मनात करून पाहा. सुरू करायचा, थांबवायचा काटा असलेले एक घड्याळ घ्या. त्याचे यंत्र तेच ठेवा, फक्त तबकडीच्या कडेचे मोजमाप बदला. पहिल्या तबकडीवर वेगाचे मोजमाप छापा. मोटार एका मैलाच्या दगडापाशी आली की काटा सुरू करायचा, एक किलोमीटरवर थांबवायचा. तीस सेकंद लागले असतील, तर काट्यापुढे १२० लिहिलेले असेल. तो ताशी वेग. घड्याळ मोटार हाकणाऱ्याचे झाले. दुसऱ्या तबकडीवर अंतराचे मोजमाप छापा. तोफेचा लखलखाट दिसताच काटा सुरू करायचा, आवाज कानावर येताच थांबवायचा. ध्वनी साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो, तेव्हा नऊ सेकंदांपाशी ३ च्या आसपासचा आकडा येणार. घड्याळ तोफखान्यातल्या अधिकाऱ्याचे झाले. तिसऱ्या तबकडीवर नाडीचे मोजमाप. रुग्णाच्या नाडीचे तीस ठोके मोजून काटा थांबवला आणि वीस सेकंद झाले असतील, तर समोर ९० दिसेल. घड्याळ डॉक्टरांचे झाले. चाक बदलले नाही, स्प्रिंग बदलली नाही. मालकाचा व्यवसाय तेवढा बदलला. अशी तिन्ही प्रकारची घड्याळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खरोखर बनत होती, आणि कपाटात सापडलेल्या एखाद्या घड्याळाचा मालक कोण असेल, याचा पहिला अंदाज त्या कडेच्या आकड्यांवरून बांधता येतो.

तबकडी काळाचीही साक्ष देते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढून पाहणे जमेना, आणि मनगटी घड्याळ, जे तोवर पुष्कळांना बायकांचा दागिना वाटे, ते पुरुषांच्या हातावर आले. अंधारात वेळ दिसावी म्हणून काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावू लागले. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी तरुण मुली हा रंग भरत. ब्रशाचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांत धरून टोकदार करायचे, असे त्यांना शिकवले होते. पुढे त्यांची हाडे झिजली, जबडे कुजले, कित्येकजणी दगावल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी कंपनीवर दावा लावला; १९२८ साली तडजोड झाली. कामाच्या जागी जडलेल्या आजाराची जबाबदारी मालकावर येते, या विचाराला त्या दाव्याने मोठे बळ दिले.

आपल्याकडे ‘रेडियमचे घड्याळ’ हा शब्द घरोघरी रुळला तो याच तबकड्यांमुळे. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. अशी जुनी तबकडी अंधारात आता चमकत नाही, म्हणून ती निरुपद्रवी झाली असे समजू नये. चमकणारा पदार्थ जस्ताच्या संयुगाचा होता, तो थकला. रेडियम थकलेले नाही. ते निम्मे व्हायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात. तेव्हा ते तपकिरी झालेले आकडे खरवडू नयेत, काच काढून फुंकर मारू नये. नंतरच्या काळात रेडियमच्या जागी ट्रिटियम आले, ते सुमारे बारा वर्षांत निम्मे होते. त्या तबकड्यांच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ अक्षर आढळते. १९९० च्या दशकापासून किरणोत्सर्ग नसलेले रंग रूढ झाले आणि ते ‘टी’ गेले. एका अक्षरावरून घड्याळाचे दशक सांगता येते ते असे.

आणि किंमत? रोलेक्सचे ‘डेटोना’ हे घड्याळ १९६३ साली आले. त्याच्या काही नमुन्यांना सिंगर नावाच्या तबकडीकाराने केलेली निराळी तबकडी होती: आतल्या छोट्या वर्तुळांतल्या रेघांच्या टोकांना इवले चौकोन आणि कडेला वेगळ्या रंगाची पट्टी. त्या काळी गिऱ्हाइकांना ती आवडली नाही. साध्या तबकडीचे घड्याळ आधी खपे. अभिनेता पॉल न्यूमन याच्या मनगटावर मात्र तेच होते. त्याची पत्नी जोअॅन वुडवर्ड हिने ते दिले होते, आणि पाठीवर गाडी जपून हाकण्याची सूचना कोरून घेतली होती. पुढे त्या तबकडीला त्याचेच नाव पडले. २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ते घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. मोठ्या माणसाच्या हातावरचे होते म्हणून ही किंमत, हे खरेच. पण ज्यांचा त्या नटाशी काडीचा संबंध नाही, अशी त्याच तबकडीची इतर घड्याळेही साध्या तबकडीच्या भावंडांपेक्षा कितीतरी पट महाग विकली जातात. यंत्र तेच, डबी तीच. चौकोन तेवढे जास्त.

आता आपल्या अंगणात येऊ. मुंबईत स्विस घड्याळांचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगला बसला होता. फावर ल्युबा ही पेढी १८६५ च्या सुमारास तिथे आली, आणि वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव १८८६ पासूनचे. वेस्ट एंडच्या जुन्या तबकड्या बघण्यासारख्या आहेत. घड्याळ स्वित्झर्लंडमध्ये घडलेले; पण नाममुद्रेखाली ‘बॉम्बे’ आणि ‘कलकत्ता’ अशी गावे. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वारातला स्वार. याच नावाची घड्याळे आखाती देशांत गेली तेव्हा त्यांच्यावर अरबी लिपीतले आकडे आले. विकणाऱ्याला ठाऊक होते की वेळ सगळीकडे सारखी असली, तरी ती वाचणारा डोळा सारखा नसतो.

स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर बंधने आली. चोरट्या मार्गाने येणारी घड्याळे हा त्या काळातल्या वर्तमानपत्रांचा आणि हिंदी सिनेमांचा आवडता विषय. अशा वेळी एचएमटी पुढे आली. हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ सालचा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचे उत्पादन सुरू झाले आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबाग इथेही कारखाने निघाले. लग्नात जावयाला, परीक्षेत पास झालेल्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या साहेबांना द्यायची वस्तू म्हणजे एचएमटी, असा दोन-अडीच दशकांचा रिवाज आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे.

या कारखान्याची एक मर्यादा होती, आणि तीच तबकडीच्या दृष्टीने वरदान ठरली. चावीच्या घड्याळांसाठी मोजकीच यंत्रे उपलब्ध होती. गिऱ्हाईक मात्र एकसारखे नव्हते. मग विविधता आणायची कुठे? तबकडीवर. ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘कोहिनूर’, ‘सोना’ ही नावे पाहा. प्रत्येक नावात एक माणूस किंवा एक इच्छा आहे, आणि तबकडी त्या नावाला शोभेल अशी केलेली आहे. पायलट काळी आणि ठळक. सोना सडपातळ, पिवळ्या झाकेची, कमी बोलणारी. जनतेच्या तर कितीतरी तऱ्हा: कुठे कांड्या, कुठे आकडे, कुठे रोमन. कारखाने आणि बँका आपल्या कर्मचाऱ्यांना देण्यासाठी तबकडीवर स्वतःचे बोधचिन्ह छापून घेत. आणि एक तबकडी अशी, की तिला पाहायचेच नसते. अंधांसाठी केलेल्या घड्याळाची काच बिजागरीने उघडते आणि बोटांनी उंचवटे चाचपून वेळ कळते. तबकडीचा चेहरा डोळ्यांसाठी असतो, ही आपली समजूतच तिथे गळून पडते.

या सगळ्यांत आपल्यासारख्या वाचकाला थांबवणारी तबकडी वेगळीच आहे. ‘जनता’च्या काही घड्याळांवर तासांचे आकडे देवनागरीत आहेत: १ पासून १२ पर्यंत.

यात विशेष ते काय, असे वाटेल. संविधानाच्या ३४३ व्या कलमाने केंद्राच्या कारभारासाठी हिंदी भाषा आणि देवनागरी लिपी ठरवली. अंक मात्र ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असावेत असे म्हटले. म्हणजे अक्षरे देवनागरी, आकडे इंग्रजीत वापरतात ते. नोटांवर, रेल्वेच्या पाट्यांवर, सरकारी फॉर्मांवर आपण तेच पाहत आलो. अशा स्थितीत केंद्र सरकारच्याच कारखान्याने देवनागरी आकड्यांची तबकडी काढली. नियमाला विरोध म्हणून नव्हे. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला ते आकडे परके नाहीत म्हणून. हिंदी मुलखात हे आकडे हळूहळू मागे पडत गेले. मराठीत मात्र ते पुस्तकांच्या पानांवर, दिनदर्शिकेत, बसच्या फलकावर टिकले. त्यातही ५, ८, ९ यांची वळणे मुंबईकडची वेगळी आणि उत्तरेकडची वेगळी, हे जुने छापील ग्रंथ चाळणाऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हा अशी तबकडी हाती आली, तर आधी ५ आणि ९ पाहावे. कुठल्या वळणाचा अक्षरकार तिच्यामागे होता, याची खूण तिथे मिळण्याची शक्यता असते.

आमच्या बेळगावात पाटीवर कोणती लिपी असावी, हा प्रश्न कित्येक पिढ्यांचा. त्यावर इथे काही म्हणायचे नाही. एवढेच सांगतो, की बंगळूरहून आलेले, देवनागरी आकड्यांचे एक घड्याळ आमच्या घरात वर्षानुवर्षे होते आणि त्याने कुणाशी वाद घातला नाही.

ते घड्याळ माझ्या वडिलांचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नोकरीत कायम झाल्यावर त्यांनी ते घेतले. तबकडी मूळची पांढरी, पण मी पाहिली तेव्हा ती सायीच्या रंगाची झाली होती. चावीच्या बाजूने घाम आणि पावसाळी ओल आत गेल्याने ३ आणि ४ च्या मध्ये एक तपकिरी डाग पडला होता. अण्णा निवृत्त झाले त्या वर्षी त्यांना खूश करावे म्हणून मी ते न सांगता एका घड्याळजीकडे नेले आणि म्हटले, ‘नव्यासारखं करून द्या.’ त्याने विचारले, ‘डायलही?’ मी म्हणालो, ‘हो, डायलही.’ यात त्याचा दोष नाही. मी जे मागितले ते त्याने केले.

आठ दिवसांनी घड्याळ परत आले. तबकडी झळझळीत निळी. आकडे गेलेले, त्यांच्या जागी चंदेरी रेघा. नाव इंग्रजीत, किंचित तिरके. अण्णांनी ते हातात घेतले, चावी दिली, कानाला लावले आणि विचारले, ‘हे कुणाचं रे?’ मी सांगितले. ते ‘बरं झालंय’ म्हणाले आणि त्यांनी ते हातावर बांधले. रागावले नाहीत. पण वेळ पाहताना ते पहिल्यासारखे एका नजरेत पाहत नसत. रेघा मोजल्यासारखे क्षणभर थांबत, हे माझ्या लक्षात येत राहिले. पूर्वीच्या तबकडीचा एकही स्पष्ट फोटो आमच्याकडे नाही. लग्नसमारंभाच्या एका चित्रात अण्णांचे मनगट दिसते, त्यावर पांढरा ठिपका.

तबकडी पुन्हा रंगवण्याचा हा व्यवसाय मुंबईत फार मोठ्या प्रमाणावर झाला. जुने यंत्र, पॉलिश केलेली डबी आणि भडक नवी तबकडी अशा घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि त्यात कौतुक नसते. त्या ओळखायच्या कशा, हे थोडक्यात सांगतो. भिंगातून अक्षरांच्या कडा पाहाव्यात. मूळ छपाई धारदार असते, नंतरची पसरट. मिनिटांच्या रेघा कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहावे. तळाशी देशाचा बारीक उल्लेख असतो. पुन्हा रंगवताना तो बहुधा गळतो किंवा कडेखाली अर्धा दडतो. मधल्या छिद्राभोवती रंगाची जाड कडा आली असेल, तर शंका घ्यावी. आणि साठ वर्षांचे घड्याळ कालच्या ताटासारखे चकाकत असेल, तर आधी तबकडीकडेच संशयाने पाहावे.

पण ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द मी तिरस्काराने वापरू शकत नाही. ज्याला दुसरे घड्याळ घेणे परवडत नव्हते, त्याच्यासाठी गल्लीतल्या कारागिराने साध्या अवजारांनी नवा चेहरा करून दिला आणि घड्याळ आणखी वीस वर्षे चालले. ही दुरुस्तीची संस्कृती आपली आहे, आणि तीही इतिहासात जमा व्हायला हवी. ती जुनी म्हणून खपवणे हा लबाडीचा भाग. रंगवणे ही लबाडी नव्हे. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे नवे नाही. जुनी पोथी फाटली म्हणून कुणी तिची नक्कल केली, तर आपण त्या नक्कलकाराचे आभार मानतो. पण नक्कल उतरवल्यावर मूळ पोथी पाण्यात सोडली असेल, तर हळहळतो. तबकडीच्या बाबतीत अडचण हीच आहे, की नवा रंग चढवण्यासाठी जुना खरवडून काढावा लागतो. तिथे नक्कल आणि मूळ एकत्र नांदत नाहीत.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टायटनची सेलवरची घड्याळे बाजारात आली आणि रोज सकाळी चावी देण्याची सवय सुटत गेली. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याच्या निर्णयाला मंजुरी दिली. घराघरांतल्या कपाटांत जी जुनी घड्याळे आहेत, त्यांची संख्या वाढायची नाही. कमी मात्र रोज होत आहेत.

म्हणून एक विनंती. आपल्या घरी असे घड्याळ असेल, तर यंत्र जरूर साफ करून घ्या. तेल वाळलेले असेल, तर ते चालवू नये. काच बदला, पट्टा बदला. तबकडीला मात्र हात लावू देऊ नका, आणि घड्याळजीला हे आधीच सांगा. डाग असू द्या. उजेडात समोरून एक फोटो काढा, आणि ते कुणी, कधी, कोणत्या निमित्ताने घेतले ते एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. तबकडी पूर्वीच रंगवली गेली असेल, तर तेही लिहा.

अण्णांचे निळे घड्याळ आता माझ्याकडे आहे. सुरुवातीला टेबलावरचे जे ‘जनता’ म्हणून सांगितले ते नव्हे; ते मी नंतर जुन्या बाजारातून घेतले, देवनागरी आकड्यांसाठी. दोन्हींना मी रोज चावी देतो. निळ्याच्या डबीत एक चिठ्ठी आहे: ‘मूळ तबकडी पांढरी, आकडे देवनागरी, ३ व ४ च्या मध्ये डाग. माझ्या सांगण्यावरून बदलली.’